गाडीला घर मिळेल, ताई. आधी ट्रंकांचं बघा

वाचकाचं पत्र: माझे वडील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये टूल रूमला होते. तरुणपणी लागले ते कारखाना बंद पडेपर्यंत तिथेच. मागच्या वर्षी ते गेले. मागे राहिली त्यांची १९७४ ची प्रीमियर पद्मिनी गाडी, दोन लोखंडी ट्रंका आणि एक पत्र्याची पेटी. ट्रंकांमध्ये ड्रॉइंग, पार्ट्स कॅटलॉग, सर्व्हिस मॅन्युअल, गाड्यांची माहितीपत्रकं, युनियनची पत्रकं, पगाराच्या चिठ्ठ्या, कॅन्टीनची कुपनं, ग्रुप फोटो. पेटीत त्यांनी स्वतः बनवलेली गेजेस, म्हणजे पार्टचं माप तपासायची हत्यारं, प्रत्येकावर पार्ट नंबर आणि बाबांचा टोकन नंबर (कामगार क्रमांक) पंच केलेला. आमची बिल्डिंग पुनर्विकासाला चालली आहे, आठ महिन्यांत जागा रिकामी करायची आहे. एक संग्राहक गाडी आणि माहितीपत्रकं चांगल्या भावाने मागतोय, बाकीचं नको म्हणतो. कॅनडातला धाकटा भाऊ म्हणतो, विकून मोकळी हो. आई म्हणते, म्युझियमला द्या, ह्यांचं नाव राहील. कुठल्या म्युझियमला विचारू? ते घेतील का? — एक वाचक, डोंबिवली

प्रिय ताई,

घरातलं माणूस गेल्यावर, त्यातून घर रिकामं करायची घाई असताना, लोक पहिली हाक भंगारवाल्याला मारतात. तुम्ही थांबलात आणि विचारलंत, याचं मला फार बरं वाटलं.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: हो, घेतील. पण सगळं एकाच दारात जाईल ही आशा धरू नका. आणि तुम्ही विचार गाडीपासून सुरू केलाय, तो ट्रंकांपासून सुरू करा.

गाडीची मला तितकी काळजी वाटत नाही. पद्मिनीवर जीव टाकणारे पुष्कळ आहेत. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी त्या नियमाने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली, तेव्हा देशभर बातम्या झाल्या, लोक हळहळले. निदान एक तरी काळी-पिवळी जतन करा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने सरकारकडे केली होती. तुमची गाडी तर १९७४ ची, म्हणजे ‘पद्मिनी’ हे नाव लागलं त्या सुरुवातीच्या काळातली. तिला कोणी ना कोणी छत देईल. ट्रंकेतल्या कागदांसाठी मात्र कोणी हळहळणार नाही, कारण ते आहेत हेच कोणाला माहीत नाही.

ही गाडी मुळात फियाट ११०० ची. फियाटने आपलं दप्तर आणि आपल्या गाड्या तुरीनमध्ये १९६३ पासून स्वतःच्या संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. तेव्हा गाडीचा इटलीतला जन्म सुरक्षित आहे. प्रीमियर काढली वालचंद हिराचंद यांनी, १९४४ मध्ये. त्यांची खासगी कागदपत्रं दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात आहेत आणि अभ्यासक ती वाचतात. म्हणजे मालकाची बाजूही सुरक्षित आहे. या दोहोंच्या मधे, इटलीतली गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात लोखंडात उतरवायचं जे काम झालं, त्याचा पुरावा कुठे आहे? तो तुमच्यासारख्या घरांतून, माळ्यावर आणि पलंगाखाली पडलेला आहे. जो वाचेल तेवढाच वाचेल.

हे काम किती मोठं होतं ते आज लक्षात येत नाही. सुरुवातीला कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डीसोटो यांचे सुटे भाग जहाजाने यायचे आणि इथे जोडले जायचे. १९५० च्या दशकात फियाट आली, १९५४ पासून ११००. त्याच सुमारास सरकारचं धोरण ठरलं की, नुसती जोडणी करणाऱ्यांना इथे जागा नाही, गाडी इथे बनवण्याचा कार्यक्रम हवा. जनरल मोटर्सने शिवडीतला कारखाना बंद केला तो तेव्हाच. प्रीमियर राहिली. राहिली म्हणजे काय, तर एकेक भाग इथे बनवायला शिकली. आणि प्रत्येक भागासाठी आधी डाय म्हणजे साचा लागतो, काम करताना पार्ट नेमक्या जागी धरायला जिग लागतं, फिक्श्चर लागतं, मग गेज लागतं. ते सगळं टूल रूममधून यायचं. तुमच्या पेटीत जी गो, नो-गो गेजेस असतील, ज्यांचं एक टोक भोकात सहज जायला हवं आणि दुसरं अजिबात जाता कामा नये, त्यांच्यावर त्या रोजच्या मालाचा निकाल लागायचा. माप बरोबर तर पार्ट पुढे, नाहीतर रिजेक्शनच्या पेटीत. ही गेजेस बाबांनी हातांनी घासून, लॅप करून बसवलेली. त्यावर त्यांचा टोकन नंबर आहे, म्हणजे ही त्यांची सहीच.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात कळकळीचा आग्रह: गाडी आणि कागद वेगळे झाले तरी चालेल, पण कागद, फोटो आणि गेजेस यांची फोडाफोड होऊ देऊ नका. संग्राहकाला माहितीपत्रकं हवीत, कारण ती रंगीत आहेत आणि त्यांना बाजार आहे. ती गेली की उरलेल्या ट्रंका बघायला कोणी येणार नाही. आणि हे सगळं एकत्र असण्यातच त्याचा अर्थ आहे. गेजवरचा पार्ट नंबर कॅटलॉगमध्ये सापडतो, त्याच नंबरचं ड्रॉइंग निघतं, ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली सही करणारा माणूस ग्रुप फोटोत दुसऱ्या रांगेत उभा असतो, आणि त्याच महिन्यातलं युनियनचं पत्रक सांगतं की, तेव्हा ओव्हरटाइमवरून काय तणाव चालला होता. यातला एक दुवा काढला की बाकीचे मुके होतात.

युनियनच्या पत्रकांना तर कमी समजूच नका. ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ खटल्यातला १९७५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कामगार कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला आजही वाचावा लागतो. औद्योगिक तंट्यात दिवाणी कोर्टाला हात घालता येतो की नाही, हे त्यात ठरलं. निकाल छापील पुस्तकांत आहे. तो तंटा गेटवर कसा दिसत होता, हे कदाचित तुमच्या ट्रंकेतल्या एखाद्या पिवळ्या पडलेल्या पत्रकावर असेल.

आता बाहेर हे कसं झालं ते सांगते, म्हणजे भावालाही दाखवता येईल. स्वीडनमधली साब ही मोटार कंपनी डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. ट्रोलहेटन या तिच्या गावात कंपनीचं संग्रहालय होतं, सव्वाशेच्या आसपास गाड्या. दिवाळखोरीचा कारभार पाहणाऱ्यांनी महिन्याभरात त्या बोलीला काढल्या. गाड्या जगभर विखुरणार, हे दिसतच होतं. तेव्हा ट्रोलहेटनची नगरपालिका, विमानं बनवणारी वेगळी साब कंपनी आणि वालेनबर्ग घराण्याचं प्रतिष्ठान असे तिघे एकत्र आले आणि २ कोटी ८० लाख क्रोनर मोजून सगळा संग्रह एकत्र घेतला. संग्रहालय आजही त्याच गावात आहे. ज्या गावाची भाकरी त्या कारखान्यावर शिजत होती, त्या गावानेच पुढाकार घेतला, ही यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट.

अमेरिकेत स्टुडबेकरचा साउथ बेंडमधला मोटारींचा कारखाना १९६३ च्या डिसेंबरमध्ये थांबला आणि १९६६ मध्ये कंपनीने आपला जुना संग्रह त्या शहराला देऊन टाकला. तिथल्या संग्रहालयात गाड्या आहेतच, पण दप्तरही आहे. आपली गाडी कारखान्यातून कुठल्या रंगात, काय काय बसवून बाहेर पडली, याच्या नोंदीची प्रत स्टुडबेकरचे मालक आजही तिथून मागवतात. तो कारखाना थांबून साठ वर्षं झाली आणि अजूनही तिच्या कागदांना रोजचं काम आहे.

आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागी आज इमारती आहेत, प्रीमियर हे नाव रस्त्याला तेवढं उरलंय. तुमच्या डोंबिवलीत प्रीमियर मैदान म्हटलं की लोकांना सभा आठवतात. कंपनी नंतर चिंचवडला सीएनसी मशीन बनवत राहिली, २००९ मध्ये तिने रिओ नावाची गाडीही आणून पाहिली, पुढे ही कंपनीही दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. महापालिका, उद्योगपती आणि प्रतिष्ठान एकत्र येऊन काही करतील अशी वाट पाहायला तुमच्याकडे वेळ नाही. आठ महिने आहेत. तेव्हा जे दरवाजे आज उघडे आहेत त्यांचं बोलू.

गाडीसाठी पहिलं पत्र हरियाणात, गुरुग्रामजवळ तावडू इथल्या हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियमला. २०१३ पासून ते चालू आहे, भारतातल्या प्रवासाच्या साधनांचा हा खराखुरा संग्रह आहे आणि ती मंडळी छापील साहित्याचीही कदर करतात. कोइम्बतूरला जी. डी. नायडूंच्या संस्थेचं जीडी मोटार संग्रहालय आहे, दुसरं पत्र त्यांना. माझं मन विचाराल तर गाडी मुंबईत राहावी. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आणि भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, या दोघांना विचारल्याशिवाय ती बाहेर पाठवू नका. भायखळ्याचं संग्रहालय या शहराचं आहे, शहरातल्या कारागिरांच्या आणि धंद्यांच्या मातीच्या मूर्ती तिथे एकोणिसाव्या शतकापासून आहेत. विसाव्या शतकातला मुंबईचा कारागीर म्हणून तुमच्या बाबांची पेटी तिथे शोभेल. अख्खी गाडी ठेवायला जागा नाही म्हणाले तर पेटी घ्याल का, एवढंच विचारा.

कागदांसाठी तीन ठिकाणं. तीन मूर्तीचं ग्रंथालय, आता ते प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय म्हणून ओळखलं जातं. पत्रात पहिल्याच ओळीत लिहा की, वालचंद हिराचंदांची कागदपत्रं तुमच्याकडे आहेत, त्यांच्या कारखान्यातल्या कामगाराची माझ्याकडे आहेत. दुसरं, नॉयडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेतलं भारतीय श्रमिकांचं डिजिटल अभिलेखागार. युनियनची पत्रकं, पगारचिठ्ठ्या, कुपनं हे तर त्यांचं क्षेत्रच. तिसरं, सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय. संग्रहालय नसलं तरी ते त्यांच्याच नावाचं कॉलेज आहे, आणि गेज, ड्रॉइंग, कॅटलॉग एकत्र ठेवून मेकॅनिकलच्या मुलांना दाखवायला यापेक्षा चांगली जागा मला सुचत नाही. मात्र तिथे एक अट घाला: काचेचं कपाट, कुलूप आणि नाव घेऊन सांगता येईल असा जबाबदार माणूस. प्राचार्य बदलले की कपाट जिन्याखाली जातं, असं व्हायला नको.

विक्रोळीचं गोदरेज अभिलेखागार आणि पुण्याचं टाटा सेंट्रल आर्काइव्हज आपापल्या समूहाची कागदपत्रं जपतात, तुमची घेणार नाहीत. पण कारखान्याचे कागद कसे हाताळायचे हे ठाऊक असलेली माणसं तिथे आहेत. सल्ला मागा. कामगारांच्या तोंडच्या आठवणी कशा नोंदवायच्या हे गोदरेजवाल्यांनी बरीच वर्षं केलंय.

कुठल्याही संस्थेला पत्र लिहिण्याआधी यादी करा. हे कंटाळवाणं काम आहे आणि यावरच सगळं ठरतं. “बाबांचं बरंच सामान आहे, बघून जा” या पत्राला उत्तर येत नाही. “ड्रॉइंग इतकी, पैकी फियाटच्या मूळ नंबरची इतकी, कुर्ल्यात काढलेली इतकी, गेजेस इतकी, पार्ट नंबर सोबत, फोटो इतके, पैकी नावं माहीत असलेले इतके” या पत्राला येतं. भाचरांना, पुतण्यांना दोन रविवार बोलवा. प्रत्येक वस्तूला साध्या चिठ्ठीवर नंबर, मोबाइलवर फोटो, वहीत एक ओळ. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने लिहा, बॉलपेनने कधीच नाही.

आणि कृपा करून काहीही लॅमिनेट करू नका. चांगल्या मनाने केलेलं लॅमिनेशन कागदाचा घात करतं, पुन्हा सोडवता येत नाही. गंजलेल्या टाचण्या आणि क्लिपा हलक्या हाताने काढा. अमोनिया प्रिंट, म्हणजे ड्रॉइंगच्या अमोनियाने काढलेल्या प्रती, फोटोंपासून वेगळ्या ठेवा, उजेड लागू देऊ नका, गुंडाळ्या जबरदस्तीने सपाट करू नका. ट्रंका जमिनीवरून उचलून लाकडी पट्ट्यांवर ठेवा, भिंतीला टेकवू नका. पावसाळ्यात डोंबिवलीची हवा कशी असते ते मी तुम्हाला काय सांगणार. गेजेसना पॉलिश पेपर लावू नका, चकाकी नको आहे, पंच केलेले आकडे हवे आहेत. पातळ तेलाचा हात द्या आणि एकेक वेगळं गुंडाळून ठेवा.

गाडीलाही तेच. नवा रंग मारून, सीटा बदलून “चकाचक” करून देऊ असा मोह होईल. करू नका. बाबांच्या हाताने झिजलेली स्टिअरिंगखालची गिअरची दांडी, मूळ रंग, मूळ काचा यांनाच संग्रहालयात किंमत आहे. कागदोपत्री एक गोष्ट तपासा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात असलेली गाडी त्यात बसते, तुमची १९७४ ची आता बसेल. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. मात्र अशी गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन आणि रॅलीसारख्या कामांपुरतीच. हा खर्च लगेच करू नका. गाडी संस्थेला जाणार असेल तर कुठल्या नोंदणीत हवी हे त्यांनाच विचारा. नंतर आरटीओत मालकी बदलून घ्या, नाहीतर उद्या काही झालं तर कागदावर जबाबदार आई. पूर्वी कधी सीएनजी किट बसवलं असेल किंवा इंजिन बदललं असेल तर ते लपवू नका.

ड्रॉइंगबद्दल थोडं नाजूक बोलते. ती बाबांकडे कशी आली, हे संस्था विचारेल. कारखाना आवरताना वरिष्ठांनी “घेऊन जा, नाहीतर रद्दीत जाईल” म्हणून दिली असतील, घरी काम आणलं असेल, काहीही असेल. माहीत असेल ते जसंच्या तसं सांगा, माहीत नसेल तर तसं सांगा. कागद तुमच्या घरात असले तरी त्यातल्या आराखड्यांवरचा हक्क कंपनीचा असू शकतो. संस्था त्याप्रमाणे अटी घालते, त्यात तुम्हाला कमीपणा नाही.

वस्तू द्याल तेव्हा साधी पोच घेऊन येऊ नका. दानपत्र करा. त्यात यादी जोडलेली असू दे. संग्रह फोडणार नाही, विकणार नाही, ठेवणं शक्य नाही झालं तर आधी कुटुंबाला कळवू आणि दुसऱ्या सार्वजनिक संस्थेलाच देऊ, ही कलमं मागा. शेवटच्या कलमावर काही संस्था कुरकुर करतात. तुम्ही धरून बसा. बाबांचं पूर्ण नाव, टूल रूम आणि टोकन नंबर पाटीवर येईल, हेही लिहून घ्या. आईची तेवढी एकच मागणी आहे. “काही वर्षांसाठी ठेवायला देतो” असा प्रस्ताव सहसा मांडू नका, परत मागितल्या जाणाऱ्या वस्तूवर संस्था खर्च करत नाहीत.

आता भावाचं. तो परका नाही, त्याचाही हक्क आहे, आणि परदेशात राहून घरच्या पसाऱ्याची चिंता करणाऱ्याला “विकून टाक” हेच सुचतं. त्याच्याशी भांडू नका. घरात पैशांची खरी गरज असेल तर गाडी विका, मन खाऊ देऊ नका. त्या संग्राहकालाच विका, फक्त लिहून घ्या की, संस्थेला अभ्यासासाठी गाडी बघायची झाली तर तो बघू देईल. माहितीपत्रकांचे त्याला चांगले स्कॅन करून द्या, मूळ प्रती देऊ नका. गाडीच्या भावात ट्रंका मात्र मोजू नका. त्यांना बाजारात मिळेल ते इतकं थोडं असेल की भावालाही त्याचं काही वाटणार नाही.

एक काम मात्र आठ महिने थांबणार नाही. टूल रूममधले बाबांचे जे सोबती हयात असतील ते आता सत्तरी-ऐंशीत असणार. त्यांच्या घरी जा, किंवा जमेल त्यांना चहाला बोलवा. ग्रुप फोटो आणि चार-पाच गेजेस टेबलावर ठेवा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा, त्यांची परवानगी त्याच रेकॉर्डिंगमध्ये विचारून घ्या. “कंपनीबद्दल सांगा” असं विचारलंत तर भाषण मिळेल. “हे गेज कुठल्या पार्टचं, आणि हा पार्ट तेव्हा का फसत होता?” असं विचारा, मग बघा माणूस कसा बोलायला लागतो. फोटोतल्या चेहऱ्यांची नावं तेव्हाच लिहून घ्या. आईलाही बसवा. फर्स्ट शिफ्टचा डबा पहाटे किती वाजता भरायचा, संपाच्या महिन्यांत घर कसं चाललं, हे त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही, आणि कामगारांच्या इतिहासाच्या संग्रहाला हेही हवं असतं.

यादी तयार झाली की सातही पत्रं एकाच दिवशी पाठवा, एकाच्या उत्तराची वाट बघत दुसरं अडवून ठेवू नका. पंधरा दिवसांत काही आलं नाही तर फोन करा, आणि अभिरक्षकांचं, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्यांचं, नाव विचारून त्यांच्याशीच बोला. घर सोडायची वेळ आली आणि अजून काही ठरलेलं नसेल, तर ट्रंका भाड्याच्या घरात सोबत न्या, बिल्डरच्या गोडाऊनमध्ये ठेवू नका. यादी झाली की मला पाठवा. पत्राचा मसुदा आपण दोघी मिळून करू.